कर्करोग-उपचार व संशोधन, अल्पसाधन देशांतील

कर्करोग-उपचार व संशोधन, अल्पसाधन देशांतील : कर्करोगाची नोंद, निदान, उपचार, वेदनाशमन व प्रतिबंध यांची कायम स्वरूपाची व्यवस्था देशात उभारणे आणि त्या व्यवस्थेला लागणारे ज्ञान शक्य तेवढे तेथेच निर्माण करणे, हा या नोंदीचा विषय आहे. लोकसंख्येच्या मानाने आरोग्यावरील खर्च, प्रशिक्षित मनुष्यबळ व यंत्रसामग्री ही अपुरी असलेल्या देशांना येथे अल्पसाधन देश म्हटले आहे. अशा देशांत कर्करोगाचे कार्य म्हणजे एखादे मोठे रुग्णालय बांधणे व त्यात यंत्रे बसविणे, असे पुष्कळदा समजले जाते. प्रत्यक्षात हे कार्य साखळीसारखे असते. रोगी वेळेवर ओळखला जाणे, निदान अचूक होणे, उपचार उपलब्ध असणे, तो पुरा होणे व वेदना आटोक्यात राहणे, यांपैकी एक दुवा निखळला, तर उरलेल्या दुव्यांवर केलेला खर्च बव्हंशी वाया जातो. [⟶ कर्करोग].

समस्येचे स्वरूप : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (स्थापना १९६५, मुख्यालय फ्रान्समधील लीआँ) अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सु. २ कोटी व्यक्तींना नव्याने कर्करोग झाला व सु. ९७ लक्ष व्यक्ती त्याने मरण पावल्या. त्याच वर्षी भारतातील नव्या रुग्णांची संख्या सु. १४ लक्ष, तर मृत्यूंची संख्या सु. ९ लक्ष होती. २०५० पर्यंत जगातील नव्या रुग्णांची वार्षिक संख्या ३·५ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. संसर्गजन्य रोग आटोक्यात येऊन आयुर्मान वाढले की, उतारवयात होणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण वाढते. अल्पसाधन देशांत तंबाखूच्या प्रसारामुळे व बदलत्या राहणीमुळे होणाऱ्या कर्करोगांची भर पडत असतानाच संसर्गाशी निगडित असलेले गर्भाशय-ग्रीवा (गर्भाशयाचे मुख), यकृत व जठर यांचे कर्करोगही पुरेसे ओसरलेले नसतात. त्यामुळे या देशांवर दुहेरी भार पडतो.

देशादेशांतील अंतर रोगाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या परिणामात अधिक स्पष्ट दिसते. जगात दरवर्षी सु. ४ लक्ष मुलांना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक अल्पसाधन देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. मुलांच्या कर्करोगांवरील बरीचशी परिणामकारक औषधे जुनी व तुलनेने स्वस्त आहेत. तेव्हा हा फरक केवळ औषधांच्या किंमतीने पडलेला नाही. उशिरा झालेले निदान, चुकीचे निदान, औषधांच्या पुरवठ्यातील खंड, उपचार चालू असताना होणारे जंतुसंसर्ग व पैशाअभावी अर्ध्यावर सोडलेला उपचार ही त्याची कारणे आहेत.

ही व्यवस्था कशी उभी राहते, कशी खचते व पुन्हा कशी सावरते, हे पाहण्यासाठी पूर्व आफ्रिकेतील युगांडाचा इतिहास विशेष उद्‌बोधक आहे. अल्प साधनांतही संशोधनाने उपचार व प्रतिबंध यांना दिशा कशी मिळते, याची उदाहरणे भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, आढळतात.

युगांडातील अनुभव : कांपाला येथील मुलागो रुग्णालय व मॅकेरेरे विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय यांमुळे युगांडात विसाव्या शतकाच्या मध्यास विकृतिविज्ञानाची (रोगामुळे शरीरात होणाऱ्या बदलांच्या अभ्यासाची) चांगली परंपरा निर्माण झाली होती. कांपालाच्या परिसरातील लोकसंख्येसाठी १९५१ मध्ये कर्करोग नोंदणी सुरू झाली. आफ्रिकेतील अशा आरंभीच्या नोंदणींपैकी ती एक होय. मुलागो येथील आयरिश शस्त्रक्रियाविशारद डेनिस बर्किट यांना लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणारी विशिष्ट अर्बुदे वारंवार आढळली. त्यांचे वर्णन त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. हा रोग कोठे होतो व कोठे होत नाही, हे पाहण्यासाठी १९६१ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या प्रदेशांतून मोटारीने सु. १६,००० किमी. प्रवास केला व वाटेवरील रुग्णालयांत चौकशी केली. रोगाचा पट्टा तापमान व पर्जन्य यांच्याशी, म्हणजेच मलेरियाच्या प्रदेशाशी, जुळतो असे दिसून आले. युगांडातून विमानाने लंडनला पाठविलेल्या अर्बुदाच्या नमुन्यांवरून अँटनी एप्स्टाइन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांनी १९६४ मध्ये एका नव्या व्हायरसाचा शोध लावला. एप्स्टाइन-बार व्हायरस या नावाने ओळखला जाणारा हा व्हायरस मानवी कर्करोगाशी संबंध आढळलेला पहिला व्हायरस होय. या रोगाला पुढे बर्किट लसीकार्बुद हे नाव मिळाले.

हा रोग औषधांना चटकन प्रतिसाद देतो, हेही कांपाला येथेच दिसून आले. १९६७ मध्ये मॅकेरेरे विद्यापीठ व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्या सहकार्याने मुलागो येथे लसीकार्बुद उपचार केंद्र स्थापन झाले. युगांडा कर्करोग संस्थेची ही सुरुवात होय. जॉन झीग्लर हे तिचे पहिले संचालक होते. सायक्लोफॉस्फामाइडासारख्या औषधांनी येथील पुष्कळ मुले बरी झाली. घन अर्बुदे औषधांनी बरी होतात किंवा नाही याविषयी संपन्न देशांतील तज्ञही साशंक असताना हे यश मिळाले होते. झीग्लर व बर्किट यांना १९७२ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले, त्यामागे याच कामाची पार्श्वभूमी होती. म्हणजे अल्पसाधन देशातील संशोधन हे इतरत्र मिळालेल्या ज्ञानाची केवळ नक्कल असते, ही समजूत येथे खोटी ठरली.

इदी अमीन यांच्या राजवटीत (१९७१—७९) हे चित्र पालटले. परदेशी संशोधक परत गेले आणि अनेक युगांडीय वैद्यांनीही देश सोडला. पहिले युगांडीय संचालक चार्ल्स ऑल्वेनी यांनी अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत संस्था चालू ठेवली. परंतु १९८२ मध्ये त्यांनाही देश सोडावा लागला. कर्करोग नोंदणीतही खंड पडला व ती १९८९ मध्ये पुन्हा सुरू झाली. या नोंदणीचे मोल एड्सच्या साथीत कळून आले. पूर्वीच्या दशकांतील आकडे हाती असल्यामुळेच या साथीबरोबर कापोसी मांसकर्काचे प्रमाण किती वाढले, हे मोजता आले.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी जॅक्सन ऑरेम यांनी संस्थेची सूत्रे हाती घेतली, त्यावेळी सु. ३ कोटी वस्तीच्या या देशात ते एकमेव कर्करोगतज्ञ होते. सीॲटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राशी झालेल्या सहकार्यातून युगांडातील वैद्यांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २०१५ मध्ये उपचार, प्रशिक्षण व संशोधन यांसाठी नवी इमारत उघडण्यात आली. या सहकार्यात इमारतीपेक्षा प्रशिक्षणाला आधी स्थान मिळाले, ही बाब महत्त्वाची होय. तरीही साखळीतील एक दुवा कच्चा राहिला होता. देशातील एकमेव कोबाल्ट यंत्र १९९५ मध्ये बसविलेले होते व ते २०१६ मध्ये पूर्णपणे निकामी झाले. गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रियांना प्रारण चिकित्सेखेरीज (किरणोपचाराखेरीज) उपाय नव्हता, त्यांच्यापैकी मोजक्याच नैरोबीस जाऊ शकल्या. नव्या यंत्राचे उद्‌घाटन जानेवारी २०१८ मध्ये झाले.

कर्करोग नोंदणी : ठराविक प्रदेशातील रहिवाशांमध्ये आढळलेल्या प्रत्येक कर्करोगाची पद्धतशीर नोंद ठेवणे म्हणजे लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी होय. रुग्णालयातील नोंदी केवळ तेथे पोहोचलेल्या रुग्णांविषयी सांगतात. न पोहोचलेल्यांचा अंदाज लोकसंख्याधिष्ठित नोंदणीवरूनच येतो. कोणता कर्करोग अधिक आहे, रोगी कोणत्या अवस्थेत येतात व किती वर्षे जगतात, हे कळल्याखेरीज यंत्रे व माणसे कोठे हवीत हे ठरविता येत नाही. भारतातील अशी पहिली नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ मध्ये सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला.

शहरात प्रयोगशाळा व मृत्युनोंदीची कार्यालये असल्यामुळे माहिती मिळविणे तुलनेने सोपे असते. खेड्यात रोगी वैद्यापर्यंत न जाताच मरण पावण्याचा संभव असतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू झाली, तेव्हा हीच अडचण होती. तीवर उपाय म्हणून क्षेत्रकार्यकर्ते ठराविक काळाने गावोगाव जात, गावकऱ्यांना कर्करोगाची लक्षणे समजावून देत आणि संशयित रोग्यांना तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात आणवीत. त्यामुळे नोंदणी अधिक पूर्ण झालीच. शिवाय गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. मोजणीचे काम हेच येथे लोकशिक्षणाचे साधन ठरले.

निदान : शरीरातील गाठ कर्करोगाची आहे किंवा नाही व असल्यास कोणत्या प्रकारची आहे, हे जीवोतक परीक्षेवरून (ऊतकाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यावरून) निश्चित होते. अनेक अल्पसाधन देशांत विकृतिवैज्ञानिकांची संख्या फारच थोडी आहे. तुकडा नीट परिरक्षित न केल्यास, किंवा अहवाल येण्यास काही आठवडे लागल्यास, महागडे औषधही निरुपयोगी ठरते. स्तनाच्या कर्करोगात हॉर्मोनग्राही आहेत की नाहीत हे तपासण्याची सोय नसेल, तर स्वस्त व परिणामकारक हॉर्मोन चिकित्सा कोणाला द्यावी हेच समजत नाही. उत्तर रवांडातील बुटारो येथे २०१२ मध्ये ग्रामीण कर्करोग केंद्र सुरू झाले, तेव्हा प्रारंभी ऊतकांचे नमुने अमेरिकेतील बॉस्टन येथे पाठविले जात. तेथील तज्ञांच्या सल्ल्याने सामान्य वैद्य व परिचारिका ठराविक कार्यपद्धतीनुसार उपचार करीत. स्थानिक प्रयोगशाळा तयार होईपर्यंत पुलासारखी अशी व्यवस्था उपयोगी पडते. ती कायमची ठेवणे मात्र इष्ट नाही.

प्रारण चिकित्सा : सर्व कर्करोग्यांपैकी सु. निम्म्यांना उपचाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर प्रारण चिकित्सेची गरज भासते. तरीही आफ्रिकेतील अनेक देशांत अशी सोय दीर्घकाळ मुळीच नव्हती. या चिकित्सेसाठी मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे वापरतात. कोबाल्ट यंत्रात कोबाल्ट (६०) हा किरणोत्सर्गी समस्थानिक असतो. हे यंत्र साधे व कणखर असते व खंडित वीजपुरवठ्यातही ते चालविता येते. परंतु उद्‌गमाचा अर्धायुकाल ५·२७ वर्षे असल्यामुळे त्याची तीव्रता दरमहा सु. १ टक्क्याने घटते. उद्‌गम वेळीच बदलला नाही, तर प्रत्येक रोग्यास अधिक वेळ लागतो आणि दिवसातील रोग्यांची संख्या कमी होते. शिवाय निरुपयोगी झालेला उद्‌गम सुरक्षितपणे परत पाठवावा लागतो. रेषीय वेगवर्धक या दुसऱ्या प्रकारच्या यंत्राने शरीरात अधिक खोलवर व अधिक नेमकेपणाने मारा करता येतो. मात्र त्याला स्थिर वीज, शीतनाची सोय, भौतिकीविज्ञ व देखभालीचा कायम करार आवश्यक असतो. देणगी म्हणून आलेले यंत्र सुट्या भागांअभावी बंद पडून राहणे, ही म्हणूनच नवलाची गोष्ट नाही. खरेदीच्या वेळीच देखभाल व मनुष्यबळ यांचा खर्च धरणे हे क्षमतानिर्मितीचे मूलतत्त्व होय.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने 'भाभाट्रॉन' हे भारतीय बनावटीचे कोबाल्ट यंत्र विकसित केले. भारतातील अनेक रुग्णालयांत ते बसविण्यात आले असून एक यंत्र व्हिएतनामला देण्यात आले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा मंडळाने २००४ मध्ये कर्करोग चिकित्सेचा कृतिकार्यक्रम आणि २०२२ मध्ये 'रेज ऑफ होप' हा प्रारण चिकित्सेच्या प्रसाराचा उपक्रम सुरू केला. [⟶ प्रारण चिकित्सा].

औषधे व उपचारपूर्ती : रासायनी चिकित्सा अनेक महिने, लहान मुलांच्या श्वेतकोशिकार्बुदात तर दोन ते तीन वर्षे, चालते. एवढ्या काळात मजुरी बुडते, प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च वाढतो आणि मूल बरे दिसू लागले की उपचार थांबविण्याचा मोह होतो. उपचारत्याग हे अल्पसाधन देशांतील अपयशाचे एक प्रमुख कारण आहे. संपन्न देशांतील आकडेवारीत ते जवळजवळ आढळत नाही. ब्राझीलच्या ईशान्य भागातील रेसीफे या शहरात मुलांच्या श्वेतकोशिकार्बुदासाठी खास केंद्र उभारण्यात आले. तेथे उपचारपद्धती ठरवून देण्यात आली, परिचारिकांना प्रशिक्षण मिळाले आणि कुटुंबांसाठी निवास, भोजन व प्रवासखर्च यांची सोय झाली. १९८० नंतरच्या दशकात पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्या मुलांचे प्रमाण ३२ टक्के होते. १९९७—२००२ या काळात ते ६३ टक्क्यांवर गेले. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण त्याच काळात अत्यल्प झाले. कोणत्याही नव्या औषधाचा शोध न लागता ही सुधारणा झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संपन्न देशातील एक रुग्णालय व अल्पसाधन देशातील एक रुग्णालय यांची दीर्घकाळ जोडी जमविण्याची पद्धतही उपयुक्त ठरली. इटलीतील मोंझा व निकाराग्वातील मानाग्वा येथील रुग्णालयांत १९८६ मध्ये सुरू झालेले सहकार्य हे तिचे प्रारंभीचे उदाहरण होय.

औषधांच्या किंमतीचा प्रश्न संघटित खरेदीने सौम्य करता येतो. भारतात २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाने देशभरातील कर्करोग केंद्रे एकत्र आणली व उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. या जालातील केंद्रांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा निरनिराळ्या औषधांच्या किंमतीत २३ ते ९९ टक्के बचत झाली. मुलांच्या औषधांचा पुरवठा अखंड राहावा म्हणून जागतिक आरोग्य संघटना व अमेरिकेतील सेंट ज्यूड बालसंशोधन रुग्णालय यांनी २०२१ मध्ये एक जागतिक योजना जाहीर केली. २०३० पर्यंत कर्करोग झालेली किमान ६० टक्के मुले जगावीत, हे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्येच ठरविले होते.

प्रतिबंध व चाळणी तपासणी : लक्षणे नसलेल्या व्यक्तींची सरसकट तपासणी करून रोगाची पूर्वावस्था शोधणे यास चाळणी तपासणी म्हणतात. संपन्न देशांत गर्भाशय-ग्रीवेच्या कोशिकांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी नियमित केल्याने या कर्करोगाचे प्रमाण बरेच घटले. परंतु त्यासाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा, तंत्रज्ञ व पुनःपुन्हा बोलावण्याची व्यवस्था अल्पसाधन देशांत सर्वत्र उभारणे कठीण असते. या कर्करोगाने २०२२ मध्ये जगात सु. ३·५ लक्ष स्त्रिया मरण पावल्या व त्यांपैकी सु. ९४ टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या.

या प्रश्नावरील दोन मोठ्या चाचण्या महाराष्ट्रात झाल्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतील सु. १·५ लक्ष स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. माध्यमिक शिक्षण झालेल्या स्थानिक स्त्रियांना अल्पकालीन प्रशिक्षण देण्यात आले. गर्भाशय-ग्रीवेवर सौम्य ॲसिटिक अम्ल लावून पांढरे पडणारे भाग नुसत्या डोळ्यांनी ओळखणे, ही त्यांची पद्धत होती. दर दोन वर्षांनी अशी तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील ग्रामीण भागात बार्शी येथील रुग्णालयाच्या सहभागाने सु. १·३ लक्ष स्त्रियांवर दुसरी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी पॅपिलोमा व्हायरसासाठी आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने या रोगाचे मृत्यू सु. निम्म्याने कमी झाले. एकदाच केलेल्या कोशिकातपासणीने किंवा अम्लतपासणीने मात्र मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. ही माहिती पुढे अनेक देशांच्या धोरणांस आधारभूत ठरली. तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतील स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवणे नैतिक दृष्ट्या योग्य होते काय, यावर मात्र पुढे वाद झाला. नेहमीची आरोग्यसेवाच तुटपुंजी असलेल्या प्रदेशात संशोधन करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

केरळात तिरुअनंतपुरम्‌ येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सु. एक-तृतीयांशाने कमी झाले. मुंबईत वीस वर्षे चाललेल्या आणखी एका अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून होणाऱ्या स्तनतपासणीमुळे रोग लवकरच्या अवस्थेत आढळू लागला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सु. ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र घेतल्यास मात्र मृत्यूंतील घट सांख्यिकीय दृष्ट्या निर्णायक ठरली नाही (२०२१).

रवांडाने २०११ मध्ये शाळकरी मुलींना पॅपिलोमा व्हायरसाची प्रतिबंधक लस राष्ट्रीय पातळीवर देण्यास सुरुवात केली व ९० टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोहोचविली. पुणे येथील सीरम संस्थेने तयार केलेल्या भारतीय लशीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मुलींचे ९० टक्के लसीकरण, स्त्रियांची ७० टक्के चाळणी तपासणी व रोग आढळलेल्यांपैकी ९० टक्क्यांना उपचार, ही २०३० साठीची उद्दिष्टे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्वीकारली.

वेदनाशमन : अल्पसाधन देशांत बरेच रोगी रोग वाढल्यावर येतात. अशा रोग्यांना बरे करता आले नाही, तरी त्यांची वेदना कमी करता येते. मॉर्फीन हे त्यासाठीचे मुख्य औषध असून ते स्वस्त आहे. तरीही गैरवापराच्या भीतीने घातलेल्या निर्बंधांमुळे ते मिळत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाच्या अहवालानुसार जगात दरवर्षी वितरित होणाऱ्या सु. ३०० टन मॉर्फीनतुल्य औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला केवळ ०·१ टन येत होते. युगांडात १९९३ मध्ये ॲन मेरिमन या वैद्य स्त्रीने हॉस्पिस आफ्रिका युगांडा ही संस्था स्थापन केली. मॉर्फिनाची पूड पाण्यात विरघळवून केलेले, तोंडाने घेण्याचे स्वस्त औषध तिने उपलब्ध करून दिले. २००४ मध्ये विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फीन लिहून देण्याचा अधिकार कायद्याने मिळाला. वैद्य नसलेल्या खेड्यांपर्यंत वेदनाशमन पोहोचण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. भारतात १९८५ च्या अंमली औषधांविषयक कायद्याने मॉर्फीन मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने त्याची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. केरळात कोझिकोडे येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कार्यातून गावपातळीवरील स्वयंसेवकांचे जाळे निर्माण झाले.

स्थानिक संशोधन : संपन्न देशांत सिद्ध झालेला उपचार अल्पसाधन देशात जसाच्या तसा लागू करता येतो, असे गृहीत धरणे सोयीचे असले, तरी ते पुष्कळदा चुकीचे ठरते. रोगाचे प्रकार, रोग्यांचे पोषण, सोबतचे संसर्ग व खर्चाची ऐपत ही वेगळी असतात. शिवाय ज्या प्रश्नांच्या उत्तराने औषधाची विक्री घटण्याचा संभव असतो, ते प्रश्न औषध कंपन्या सहसा हाती घेत नाहीत. औषधाची मात्रा कमी करता येईल काय, उपचाराचा काळ घटविता येईल काय, जुने औषध नव्याऐवजी चालेल काय, हे प्रश्न गरीब देशांनीच विचारावे लागतात.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने स्थापन केले. १९६२ मध्ये ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा खात्याकडे आले व १९६६ मध्ये कर्करोग संशोधन संस्थेसह टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी येथे संशोधनाचा पाया घातला. रुग्णालय व संशोधन संस्था एकाच छत्राखाली असल्यामुळे रोग्यांच्या नित्याच्या अडचणींतून संशोधनाचे विषय पुढे आले. मुखाच्या प्रारंभिक कर्करोगात मानेतील लसीका ग्रंथी मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच काढाव्यात, की रोग तेथे दिसल्यावर काढाव्यात, हा जुना वाद होता. येथील चाचणीत ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के, तर दुसऱ्या गटात ६७·५ टक्के रोगी जिवंत होते (२०१५). हे उत्तर मिळविण्यास कोणतेही नवे यंत्र लागले नाही. शिस्तबद्ध नोंदी व दहा वर्षांची चिकाटी मात्र लागली.

डोके व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे प्रतिरक्षाप्रेरक औषध अत्यंत महाग असल्याने भारतातील बहुसंख्य रोग्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्याची नेहमीच्या दशांशाहूनही कमी मात्रा (दर तीन आठवड्यांनी २० मिग्रॅ.) तोंडाने घेण्याच्या स्वस्त औषधांना जोडून दिल्यास एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण सु. १६ टक्क्यांवरून सु. ४३ टक्क्यांवर गेल्याचे येथील चाचणीत आढळले (२०२२). रासायनी चिकित्सेतील उलट्या थांबविण्यासाठी ओलांझपीन या औषधाची चतुर्थांश मात्रा (१० मिग्रॅ. ऐवजी २·५ मिग्रॅ.) पुरेशी असून तीमुळे गुंगी कमी येते, असेही एका चाचणीत दिसले (२०२४). असे संशोधन संपन्न देशांनाही उपयोगी असते, कारण औषधांच्या वाढत्या किंमती त्यांनाही जाचक होत आहेत.

मनुष्यबळ व संघटना : या सर्व अनुभवांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. प्रशिक्षित माणसांची उणीव यंत्रांच्या उणिवेपेक्षा भरून काढण्यास अवघड असते. एक प्रारणतज्ञ, भौतिकीविज्ञ किंवा विकृतिवैज्ञानिक तयार होण्यास अनेक वर्षे लागतात व परदेशी प्रशिक्षण घेतलेला वैद्य परतेलच असे नाही. म्हणून प्रशिक्षण शक्यतो देशात किंवा शेजारच्या प्रदेशात देणे, परतणाऱ्यास काम करण्याजोगी प्रयोगशाळा व निश्चित पद असणे आणि तज्ञाची कामे शक्य तेथे परिचारिकांवर व आरोग्य कार्यकर्त्यांवर सोपविणे, हे उपाय अवलंबितात. परदेशी साहाय्य सुरुवातीस मोलाचे असते. परंतु वेतन, औषधे व देखभाल यांचा आवर्ती खर्च शासनाच्या नियमित अर्थसंकल्पात न आल्यास साहाय्य संपताच काम थांबते. परकीय भागीदारीतील संशोधनात नमुने व आकडेवारी परदेशी जाऊन स्थानिक संशोधकाचे काम केवळ रोगी पुरविण्यापुरते उरू नये, याचीही दक्षता घ्यावी लागते.

कांपाला येथील १९६७ ची मुले ज्या औषधांनी बरी झाली, ती औषधे पुढच्या दशकांतही ज्ञातच होती. ती देणारे वैद्य, त्यांचा पुरवठा व रोग्यांच्या नोंदी ही मात्र विस्कळीत झाली आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या मुलांना मृत्यू आला. एकदा मिळविलेले ज्ञान नष्ट होत नसले, तरी ते वापरण्याची क्षमता नष्ट होऊ शकते. अल्पसाधन देशांत ती टिकविण्याचे काम ती निर्माण करण्याइतकेच कठीण असते व त्यासाठी तितक्याच सातत्याने खर्च व परिश्रम करावे लागतात.